शरीराच्या वाढीला लगाम कोण घालतो?

(भातसानगर येथे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय शरीरातील पेशींच्या वाढीचा आहे. पेशीला ‘वाढ’ असे कोण सांगते, ‘आता पुरे’ असे कोण सांगते, आणि हे दुसरे सांगणे बंद पडले म्हणजे काय होते, एवढ्या तीन प्रश्नांभोवती मी बोलणार आहे. हा विषय कॉलेजातल्या मुलांचा, आमचा नव्हे, असे वडीलधाऱ्या मंडळींनी मनात आणू नये. शहापूर-मुरबाडच्या आपल्या गावांत तंबाखूची पुडी, मशेरीची डबी आणि सुपारीचे खांड किती घरांत सापडते हे मी आपणांस सांगायला नको. ज्यांच्या खिशात किंवा कनवटीला ते आहे, त्यांच्यापर्यंत हा विषय शेवटी येऊन पोहोचणार आहे. विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा आणि घरी जाऊन सांगावा.

प्रथम एक साधी गोष्ट करू. दोन्ही हात समोर धरा आणि तळव्याला तळवा लावा. बोटाला बोट जुळते. आईच्या पोटात असल्यापासून हे दोन हात वेगवेगळे वाढले. उजव्याला डाव्याची लांबी मोजता येत नाही, मध्ये कोणी पट्टी धरून बसलेले नाही. तरी अठरा-वीस वर्षे वाढून दोघेही जवळजवळ एकाच ठिकाणी थांबले. आपण जेवलो म्हणून वाढलो हे खरे, परंतु जेवण तर आपण आजही करतो. मग हात अजून का वाढत नाहीत?

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे विचारून पाहिला आहे. सॅलमँडर नावाचा पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला एक प्राणी असतो. त्याची एक जात मोठी, एक लहान. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९२४ साली मोठ्या जातीच्या पिलाच्या पायाचा कोंब लहान जातीच्या पिलावर बसवला. तो पाय लहान अंगावर वाढूनही मोठ्या जातीच्याच मापाचा झाला. म्हणजे आपले माप पायाला आतूनच ठाऊक होते. पुढे ऑस्ट्रेलियात डोनाल्ड मेटकाफ यांनी उंदरांवर प्रयोग केले. एका उंदरात गर्भातल्या अनेक प्लीहा बसवल्या, तेव्हा त्या सर्व मिळून एका प्लीहेएवढ्याच झाल्या. थायमस ग्रंथी मात्र जितक्या बसवल्या तितक्या सगळ्या पुऱ्या मापाच्या वाढल्या. एक अवयव शरीराकडे बघून थांबतो, दुसरा स्वतःकडे बघून थांबतो. थांबतात मात्र दोन्ही.

आपल्या ओळखीचे उदाहरण यकृताचे. आजकाल मुलगा वडिलांना किंवा आई लेकराला यकृताचा भाग देते, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. अर्ध्याहून अधिक यकृत काढून दिले तरी देणाऱ्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या मापाचे होते. उंदराचे दोनतृतीयांश यकृत काढले तर आठ-दहा दिवसांत ते भरून येते, हे १९३१ पासून माहीत आहे. या गोष्टीतील पुन्हा वाढण्याचे सर्वांना नवल वाटते. मला त्याहून अधिक नवल याचे वाटते की ते पुन्हा वाढून नेमके तेथेच थांबते. कारण न थांबणारी वाढ म्हणजेच कर्करोग.

आता पेशी काचेच्या बशीत वाढवल्या तर काय दिसते ते पाहू. पोषक द्रव घातलेल्या बशीत निरोगी पेशी ठेवल्या की त्या विभागतात, पसरतात, आणि बशीचा तळ एका थराने भरला, शेजारणीला शेजारीण टेकली, की थांबतात. खाचर बांधापर्यंत भरले की आवणी थांबते, तसेच. कर्करोगाच्या पेशींना हा बांध दिसत नाही. त्या एकमेकींच्या अंगावर चढतात आणि ढीग करतात.

अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याच्या विद्येला ऊती-संवर्धन म्हणतात, आणि आपल्या देशात तिची पहिली प्रयोगशाळा मुंबईत एका मराठी बाईने उभी केली हे विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कामाला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शिकल्या आणि परत येऊन त्यांनी ते काम येथे रुजवले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या त्या संस्थापिकांपैकी. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जॉर्ज गाय यांचे नाव आले म्हणून आणखी एक नाव घेतले पाहिजे. १९५१ साली त्याच रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही एकतीस वर्षांची गरीब कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होती. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्याच वर्षी ती वारली. पेशी मात्र बशीत विभागत राहिल्या, आजही जगभर विभागत आहेत. त्यांवर असंख्य औषधांची आणि लसींची चाचणी झाली, कंपन्यांनी पैसा केला, आणि तिच्या कुटुंबाला वीसेक वर्षे याचा पत्ताही नव्हता. त्या पेशींची वाढ का थांबत नाही याचे कारण नंतर सापडले. पॅपिलोमा नावाच्या विषाणूने त्यांत शिरून वाढ रोखणारी दोन प्रथिने निकामी केली होती. या विषाणूवरची लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी डॉक्टरांकडे तिची चौकशी जरूर करावी.

मित्रहो, आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पेशीला ‘थांब’ म्हणणारी यंत्रणा सापडली ती माणसात नव्हे, तर पिकलेल्या केळ्यांवर जमणाऱ्या चिलटांत. शास्त्रज्ञ तिला फळमाशी म्हणतात. ती पाळायला स्वस्त, दहा-बारा दिवसांत नवी पिढी, आणि बिघाड डोळ्यांनी दिसतो. तिच्या एखाद्या जनुकात बिघाड केला आणि डोके, डोळा किंवा पंख प्रमाणाबाहेर वाढला, तर ते जनुक वाढ रोखणारे होते असा तर्क करता येतो.

असे पहिले महत्त्वाचे जनुक १९९५ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. एका गटाने त्याचे नाव वॉर्ट्स ठेवले, म्हणजे चामखिळी. २००२ मध्ये दुसरे सापडले. ते बिघडलेल्या माशीच्या डोक्यावर वळ्याच वळ्या दिसल्या म्हणून शार-पेई या सुरकुतलेल्या कातडीच्या कुत्र्याचे नाव त्याला मिळाले. त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका माधुरी कांगो-सिंह. त्याच जनुकाला दुसऱ्या गटाने साल्व्हादोर म्हटले. २००३ मध्ये तिसरे सापडले आणि तेही एकाच वर्षात पाच प्रयोगशाळांना. माशीचे डोके फुगून पाणघोड्यासारखे झाले म्हणून त्याचे नाव हिप्पो, आणि आता ही सगळी साखळीच हिप्पो मार्ग या नावाने ओळखली जाते.

नावांत विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो. माशीच्या जनुकाला नाव देतात ते बहुधा जनुक बिघडल्यावर माशी कशी दिसते त्यावरून. म्हणजे जनुकाचे काम नावाच्या उलट असते. हिप्पो जनुक जागेवर आहे म्हणून माशीचा पाणघोडा होत नाही. परीक्षेत हा प्रश्न येईल न येईल, पण एवढे कळले की पुढचे सोपे जाते.

ही साखळी कशी चालते? भातसा धरणाच्या कामावर राहिलेली मंडळी येथे आहेत, त्यांना हे चटकन कळेल. जलाशयाची पातळी वाचणारा एक, तो निरोप वर कळवणारा दुसरा, हुकूम देणारा तिसरा आणि दरवाजाची कळ दाबणारा चौथा. पातळी वाचणारा थेट दरवाजाला हात लावत नाही. पेशीतही तसेच आहे. पेशीच्या आवरणावर फॅट नावाचे एक भले मोठे प्रथिन असते. ते शेजारच्या पेशीच्या आवरणावरील प्रथिनाला धरून असते आणि शेजार भरला की नाही याचा अंदाज आत कळवते. आत हिप्पो हे प्रथिन वॉर्ट्सला जागे करते. जागे झालेले वॉर्ट्स यॉर्की नावाच्या तिसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचे एक टिकले चिकटवते. हे यॉर्की २००५ मध्ये सापडले. पेशीकेंद्रात जाऊन ‘विभागा, मरू नका’ असा हुकूम सोडणे हे त्याचे काम. परंतु टिकले लागलेल्या यॉर्कीला पेशीकेंद्राबाहेरच अडकवून ठेवले जाते. शेजार भरला की टिकले लागते, यॉर्की बाहेर राहते, वाढ थांबते. जखम झाली, शेजार रिकामा झाला, की टिकले लागणे कमी होते, यॉर्की आत जाते आणि जागा भरून निघते. विळा लागून कापलेले बोट भरून येते आणि भरल्यावर तेथे टेंगूळ होत नाही, यात या साखळीचाही वाटा आहे.

यॉर्कीला कोणी खलनायक समजू नये. ते नसेल तर अवयव खुजे राहतात. म्हणून तर त्याला यॉर्कशायर टेरियर या छोट्या कुत्र्याचे नाव मिळाले.

याच साखळीचा उपयोग निसर्ग अवयवांची मापे ठरवायलाही करतो. माशीला पुढे पंख असतात आणि मागे, दुसऱ्या पंखांच्या जागी, गदेसारख्या दोन बारीक दांड्या असतात. उडताना त्या तोल सांभाळतात. दोन्ही एकाच प्रकारच्या अवयवापासून घडलेले, पण एक मोठा नि चपटा, एक इवला नि गोल. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, जिला आपण आयसर म्हणतो, प्रा. एल. एस. शशिधर यांच्या गटाने यावर पुष्कळ काम केले. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की मागच्या दांडीला दांडी बनवणारे मुख्य जनुक फॅट-हिप्पो साखळीला हाताशी धरून तिची वाढ आवरते. हे पुण्यात झालेले काम आहे. आपल्या मुलांना तेथे प्रवेश परीक्षा देऊन जाता येते.

माशीचे ठीक, माणसाचे काय? माणसाच्या पेशीतही जवळजवळ हीच साखळी आहे. १९९९ मध्ये माणसातील वॉर्ट्ससारखे जनुक, ज्याला लॅट्स म्हणतात, ते बिघडलेल्या माशीत घातले तेव्हा माशीचे काम सुरळीत झाले. माशी आणि माणूस यांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसला. माणसातील यॉर्कीला याप म्हणतात. २००७ मध्ये उंदराच्या यकृतात याप मुद्दाम वाढवून पाहिला. काही आठवड्यांत यकृत चौपटीच्या आसपास मोठे झाले, पोटात दुसरे काही मावेना. वाढवणे बंद केले तर ते पुन्हा लहान झाले. परंतु महिनोन् महिने तसेच चालू ठेवले तेव्हा त्यात कर्करोगाच्या गाठी आल्या. माप आणि गाठ हे दोन वेगळे विषय नाहीत, ते या एका प्रयोगात दिसले.

मग प्रत्येकाला कर्करोग का होत नाही? कारण लगाम एक नाही. बहुतेक जनुके आपल्यात जोडीने असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडले तरी दुसरे काम ओढते. १९७१ मध्ये आल्फ्रेड नूडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातील एका कर्करोगाच्या नोंदी तपासल्या. गाठ होण्यासाठी एकाच जोडीतील दोन्ही प्रतींना घाव बसावा लागतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढे तो खरा ठरला. काही मुले एक घाव जन्मतःच घेऊन येतात, म्हणून त्यांना हा आजार लहानपणी आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. हे सांगताना माता-भगिनींना एक विनंती: तान्ह्या मुलाच्या बुबुळात फोटोच्या उजेडात पांढरी चमक दिसली, तर ते दैवी लक्षण समजू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. वेळेवर गेले तर मूल वाचते आणि बहुधा डोळाही वाचतो.

दुसरा लगाम टीपी-५३ या जनुकाचा. पेशीतील जनुकांची मोडतोड झाली तर ते विभागणी थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावते. माणसात या जनुकाची एकच जोडी असते. हत्तीच्या पेशीत तशा सुमारे वीस जोड्या आहेत, हे २०१५ मध्ये कळले. एवढ्या मोठ्या देहाचा आणि दीर्घ आयुष्याचा प्राणी असूनही हत्तीला कर्करोग क्वचित होतो, त्याचे हे एक कारण मानतात. आपल्याला मात्र एका जोडीवर आयुष्य काढायचे आहे.

आता मुंबईच्या एका संशोधनाकडे आपले लक्ष वेधतो. आजच्या व्याख्यानाचे खरे प्रयोजन तेच आहे. परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख डॉ. खानोलकर. कोणत्या सवयीच्या माणसाला कोणत्या जागी कर्करोग होतो याचा त्यांनी ध्यास घेतला होता. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये नोंदवला. तोंडाच्या कर्करोगाचे आपल्याकडे एवढे प्रमाण का, हाही त्यांचा विषय होता. त्या परंपरेत, टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेने आणि बंगालमधील कल्याणी येथील संस्थेने मिळून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाल आणि हिरडी यांच्यामधला जो कोपरा आहे, जेथे तंबाखूची चिमूट धरतात, तेथल्या कर्करोगाचे ५० रुग्ण घेतले. त्यांच्या गाठीतील प्रथिने घडवणारी सर्व जनुके वाचली आणि आणखी ६० रुग्णांत ती पडताळली. पुन्हा पुन्हा बिघडलेली अशी दहा जनुके निघाली. त्यांत टीपी-५३ होतेच. आणि त्यांत होते फॅट-१.

फॅट हे नाव आपण मघाशी ऐकले. माशीत १९९१ मध्ये त्याची रचना कळली होती, आणि ते बिघडले की अळीतील पंखाचे कोंब बेफाम वाढतात हेही माहीत होते. २००६ मध्ये ते हिप्पो साखळीला जोडले गेले. तेच पातळी वाचणारे प्रथिन, त्याचे माणसातील भावंड, आपल्या माणसांच्या गालात मोडलेले सापडले. २०१८ मध्ये परदेशातील संशोधकांनी दाखवले की तोंड-घशाच्या कर्करोगात फॅट-१ गेले की हिप्पो साखळी ढिली पडते आणि याप मोकळा सुटतो. केळ्यावरच्या चिलटापासून निघालेला धागा असा मशेरीच्या डबीपर्यंत येतो.

तंबाखूत नायट्रोसामिन नावाची द्रव्ये असतात. ती जनुकांना चिकटून त्यांची अक्षरे बदलतात. चुन्याने गालाची कातडी सोलवटते आणि पेशींना पुन्हा पुन्हा विभागून जागा भरावी लागते. ज्या पेशी जास्त विभागतात, त्यांत चुका जास्त. सुपारीबद्दल अजूनही पुष्कळांचा समज आहे की ती निरुपद्रवी आहे, तंबाखूच काय ती वाईट. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली असून तो अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ, पांढुरकी, दोरीसारखी होते आणि तोंड उघडेनासे होते. गुटखा खाणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांतही हे दिसते. येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. २०११ मध्ये इटलीतील पादुआ येथे असे आढळले की पेशी मऊ जागी बसली असेल तर याप पेशीकेंद्राबाहेर राहतो आणि कडक जागी बसली असेल तर आत जातो. म्हणजे भोवतालचा ताठरपणाही पेशीला ‘वाढ’ असा निरोप देतो. ताठ झालेला गाल आणि ही गोष्ट शेजारी ठेवून पाहिली पाहिजे, असे मला वाटते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बंदीचे काय होते ते आपण टपरीवर पाहतोच. २०१६–१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील दर चार प्रौढांत एकाहून थोडे अधिक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते.

तंबाखूखेरीज आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, कारण बांधकामावर जाणारे पुष्कळ तरुण आपल्यात आहेत. घरावर किंवा गोठ्यावर घालतो त्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्याची धूळ श्वासातून गेली तर तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, आणि त्या कर्करोगात हिप्पो साखळीतीलच मर्लिन नावाचे प्रथिन बऱ्याच रुग्णांत मोडलेले सापडते. छपरावर नुसता बसलेला पत्रा पाहून घाबरायचे कारण नाही. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना धूळ उडते. पाणी मारून काम करावे, तोंड-नाक झाकावे, मुलांना दूर ठेवावे.

मोकळा सुटलेला याप औषधाने आवरता येणार नाही काय, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. प्रयत्न चालू आहेत. पेशीकेंद्रात याप ज्या प्रथिनाचा हात धरून काम करतो, त्या प्रथिनाला अडवणारी औषधे निघाली आहेत आणि २०२१ पासून माणसांवर त्यांच्या चाचण्या सुरू आहेत, विशेषतः या ॲस्बेस्टॉसच्या कर्करोगात. नित्याच्या उपचारात ती अजून आलेली नाहीत. अडचण अशी की याप निरोगी शरीरालाही लागतो. तो आवरला की काही रुग्णांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

तोवर आपल्या हातात काय आहे? याचे उत्तरही मुंबईतूनच मिळाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचा दंत संशोधनाचा एक विभाग होता. त्यांच्या गटाने महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये अहवाल दिला. पुढे त्यांनी आणि प्रकाश गुप्ता यांनी केरळ, आंध्र व गुजरात येथील तीन जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांकडे वर्षानुवर्षे घरोघर जाऊन समजावण्याचे काम केले. हाती औषध नव्हते, इंजेक्शन नव्हते. बोलणे, चित्रे दाखवणे, पुन्हा येणे, एवढेच. १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कित्येकांनी सवय सोडली किंवा कमी केली, आणि केरळ-आंध्रच्या भागांत तोंडातील पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. एक लगाम तुटला असला तरी बाकीचे शाबूत असतात. घाव घालणे थांबवले तर ते अजून धरून ठेवू शकतात, असा मी त्याचा अर्थ लावतो. ‘एवढी वर्षे खाल्ली, आता सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या आजोबांना हे अवश्य सांगा.

शरीरातील बहुतेक अवयवांत लगाम तुटताना दिसत नाही. यकृतात दिसत नाही, फुप्फुसात दिसत नाही. तोंडात दिसतो, आणि त्यासाठी आरसा पुरतो. चूळ भरून उजेडात उभे राहावे. ओठ, दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. चिमूट ज्या बाजूला धरता ती बाजू दोनदा पाहावी. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट लागताच होणारी आग, गालात किंवा मानेत लागणारी गाठ, या खुणा आहेत. तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात का तेही पाहावे. पुष्कळदा हे दुखत नाही, म्हणूनच माणसे उशीर करतात. यांपैकी काही आढळले तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. तेथून पुढे पाठवले तर आसनगावहून लोकलने परळला जाता येते. केशरी-पिवळ्या शिधापत्रिकेवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार बसतात. कागदपत्रे कोणती लागतात ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, म्हणजे खेप वाया जात नाही. रुग्णाबरोबर जायला घरात कोणी नसेल तर येथील तरुणांनी पाळी लावून जावे.

आता ज्यांना शंका असतील त्यांनी विचाराव्यात. भगिनींनी आधी विचारले तरी चालेल. मशेरीबद्दल बहुधा त्यांनाच अधिक विचारायचे असेल.